‘होम’पासून परकीय सत्तेपर्यंत : ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतवाले व त्यांचा मूळ देश

ऑस्ट्रेलियातच जन्मलेल्या आणि ब्रिटनचा किनारा कधीही न पाहिलेल्या माणसानेसुद्धा ब्रिटनचा उल्लेख ‘होम’ असा करावा, ही रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे रूढ होती. लिहिताना या शब्दाचे आद्याक्षर मोठे काढीत. राहत्या घरास लहान अक्षर पुरे होई. (देवनागरीत हा भेद दाखविण्याची सोय नाही, मराठीत त्यासाठी ‘माहेर’ हा वेगळा शब्दच योजावा लागेल.) वसाहतीत राष्ट्रभावना वाढली आणि हे नाते विरले, असे सामान्यतः मानले जाते. परंतु कायद्यांचा कालक्रम पाहता हे उत्तर अपुरे ठरते. निर्णायक प्रसंगी हात प्रथम सोडला तो बहुधा ब्रिटननेच.

१९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने ब्रिटिश संसदेने वसाहतींच्या संसदांना विधिस्वातंत्र्य देऊ केले. ऑस्ट्रेलियाने ते स्वीकारले सिंगापूरच्या पाडावानंतर, १९४२ मध्ये. न्यूझीलंडने तर १९४७ मध्ये. हाती आलेले स्वातंत्र्य अकरा वर्षे पडून राहावे, याचे ‘छोडो भारत’च्या त्याच वर्षाचा इतिहास वाचणाऱ्यास नवल वाटल्यावाचून राहणार नाही.

युद्धोत्तर काळात १९४७ पासून साहाय्यित स्थलांतराची योजना सुरू झाली. प्रौढास दहा पौंड भाडे, मुलांस प्रवास मोफत. मात्र दोन वर्षांच्या आत परतल्यास सरकारने भरलेले भाडे फेडावे लागे. पाव शतकात सुमारे दहा लाख ब्रिटिश माणसे या मार्गाने गेली, आणि त्यांपैकी अदमासे एक-चतुर्थांश परतली. यांपैकी कित्येकांच्या मते आपण परदेशी जात नव्हतो, एका घरातून दुसऱ्या घरात जात होतो. आणि कायदाही तसेच म्हणत होता. २६ जानेवारी १९४९ रोजी ‘ऑस्ट्रेलियन नागरिक’ ही संज्ञा प्रथमच अस्तित्वात आली खरी, पण तो नागरिक ‘ब्रिटिश प्रजाजन’ही राहिलाच.

या समजुतीस पहिला तडा लंडनमध्ये गेला. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याचा रोख मुख्यतः भारत, पाकिस्तान व वेस्ट इंडीज येथून येणाऱ्यांवर होता. तथापि कायद्याच्या शब्दांत ऑस्ट्रेलियनही सापडला. पुढे १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले, आणि त्याच दिवशी १९७१ चा स्थलांतर कायदा अमलात आला. ज्याचे आईवडील वा आजीआजोबा ब्रिटनमध्ये जन्मले नव्हते, असा ऑस्ट्रेलियन आता जर्मन वा फ्रेंच प्रवाशाहूनही परका ठरला. ब्रिटिश प्रवाशांना प्रवेशपत्राची अट ऑस्ट्रेलियाने घातली ती त्यानंतर, १९७५ मध्ये.

भाषाभ्यासकास विशेष उद्बोधक आहे ते १९९९ चे ‘सू विरुद्ध हिल’ हे प्रकरण. परकीय सत्तेची प्रजा असलेल्यास संसदेत बसता येत नाही, असे ऑस्ट्रेलियाच्या घटनेचे ४४ वे कलम सांगते. १९०१ मध्ये ती घटना अमलात आली तेव्हा ‘परकीय सत्ता’ या शब्दांत ब्रिटनचा समावेश होईल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. सिनेटवर निवडून आलेल्या हेदर हिल यांनी ऑस्ट्रेलियन नागरिकत्व घेतले होते, पण ब्रिटिश नागरिकत्व सोडले नव्हते. उच्च न्यायालयाने त्यांची निवड अवैध ठरविली : १९८६ च्या ऑस्ट्रेलिया कायद्यानंतर तरी ब्रिटन ही परकीय सत्ताच होय, असा बहुमताचा निर्वाळा होता. कलमातील एक अक्षरही न बदलता अर्थ मात्र पालटला.

तरीही जुन्या अर्थाचा एक अवशेष उरलाच आहे. २६ जानेवारी १९८४ पूर्वी मतदारयादीत नाव असलेल्या ब्रिटिश प्रजाजनास, तो ऑस्ट्रेलियाचा नागरिक नसला तरी, तेथे मत देता येते. उमेदवार म्हणून मात्र त्याला उभे राहता येत नाही.