टेक्सस : काउंटीनिहाय मतदानपात्र नागरिकसंख्या

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात २५४ काउंट्या आहेत. इतक्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत. २०२०च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या २,९१,४५,५०५ भरली. त्यांत अठरा वर्षे पूर्ण झालेले सुमारे २ कोटी १८ लाख. त्यांतून नागरिकत्व नसलेले वगळले, की प्रौढ नागरिकांचा आकडा उरतो. ही वजाबाकी दर काउंटीत वेगळी होते, म्हणून राज्याच्या सरासरीवरून फारसे काही कळत नाही.

सर्वांत मोठी काउंटी ह्यूस्टनची हॅरिस, लोकसंख्या ४७,३१,१४५. बंदर, तेलउद्योग आणि बांधकामाच्या कामावर आलेले, नागरिक नसलेले प्रौढ येथे लाखोंनी आहेत. रिओ ग्रांदे नदीकाठच्या वेब, हिदाल्गो, स्टार या काउंट्यांत घरोघरी मुलेही जास्त, त्यामुळे गळती दुहेरी. ल्यानो काउंटीत मात्र निवृत्तांची वस्ती मोठी. तेथे रहिवासी आणि मतदार हे आकडे बरेच जवळ येतात.

डॅलसच्या उत्तरेची कॉलिन आणि ह्यूस्टनलगतची फोर्ट बेंड या काउंट्या मराठी कुटुंबांना परक्या नाहीत. एच-१बी व्हिसावर गेलेले पुण्या-मुंबईचे संगणक अभियंते प्लेनो, फ्रिस्को, शुगर लँड येथे घर घेतात, शाळांसाठीचा मालमत्ता कर भरतात, जनगणनेत मोजले जातात. मत मात्र नाही. नागरिकत्वाचा अर्ज साधारणपणे ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झाल्यावर करता येतो, आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांगच वर्षानुवर्षांची. अमेरिकेत जन्मलेली मुलगी आईबापांच्या आधी मतदार झाली, असेही त्यामुळे घडू शकते. पूर्वी नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशीयांना टेक्ससमध्ये मत होते. १९२१च्या घटनादुरुस्तीने ते गेले.

प्रौढ नागरिक म्हणजे मतदानपात्र, हे समीकरण अँडरसन काउंटीत उघडे पडते. टेनेसी कॉलनी गावाजवळ कॉफील्ड, बेटो, मायकल हे राज्याचे मोठे तुरुंग आहेत. कैद्यांची गणना तुरुंगाच्या पत्त्यावर होते. पण गंभीर गुन्ह्यातील शिक्षा पॅरोलसह पुरी होईपर्यंत त्यांना मत देता येत नाही. आकडे वाचणाऱ्याने ही तफावत आधी तपासावी.

राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ एकूण लोकसंख्येवर आखावेत की मतदारसंख्येवर, हा टेक्ससमधूनच उठलेला वाद एव्हनवेल विरुद्ध ॲबट खटल्यात सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१६ साली न्यायालयाने राज्यांना एकूण लोकसंख्या धरता येते, असा निकाल एकमताने दिला. मत नसलेल्या मुलांना आणि स्थलांतरितांनाही प्रतिनिधी लागतो, हे त्यात मान्य झाले, हे योग्यच झाले.

नागरिकत्वाचे आकडे दरवर्षीच्या नमुना पाहणीतून, पाच वर्षांची माहिती एकत्र करून काढतात. छोट्या काउंटीत ते डळमळीत असतात. पश्चिमेकडील लव्हिंग काउंटीत २०२०च्या जनगणनेत ६४ माणसे मोजली गेली, आणि त्याच वर्षी अध्यक्षपदासाठी ६६ मते पडली. परत येण्याच्या इराद्याने बाहेर राहणाऱ्याचे घर कायद्याने तेथेच धरता येते. मेंटोन या तेथील मुख्य ठिकाणी एकेका मतदाराच्या पत्त्यावरून वाद कोर्टात जातात.