अकरा लुगड्यांचं अंतर



आपल्या आजीचं लुगडं ९ वारांचं. अशी ११ लुगडी शाळेपासून एकापुढे एक अंथरली तर ९९ वार होतात. त्यात आणखी एक वार घाला, की कायद्याची हद्द आली. २००३ च्या केंद्रीय कायद्यानं शाळेपासून १०० वारांच्या आत बिडी, सिगारेट, तंबाखू विकायला मनाई केली. १८ वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकायची नाही.

पण आपल्या वाशीमकडे पोरांच्या हाती बिडीच्या आधी पुडी अन् खर्रा येतो. त्यातल्या सुपारीनं तोंड आखडतं, पुढे घाससुद्धा जात नाही. महाराष्ट्रानं १ ऑगस्ट २००२ पासून ५ वर्षांसाठी गुटखा बंद केला होता. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली, कारण तेव्हाच्या कायद्यात राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला तेवढा अधिकार नव्हता. नंतर २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला. खाण्याच्या वस्तूत तंबाखू वा निकोटीन नको, असा त्याखाली नियम झाला. त्याच आधारावर जुलै २०१२ मध्ये बंदी परत आली. पुढच्या आदेशांत खर्रा-माव्याचंही नाव आलं. २०१९ मध्ये ई-सिगारेटही देशभर बंद झाली.

१०० वारांच्या आत विकलं तर दंड फक्त २०० रुपयांपर्यंत. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे.

मग अडलं कुठे? आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एक ताई मान खाली घालून बसली. शाळेसमोरचं दुकान तिचंच, गटाच्या कर्जातून उभं राहिलेलं. ती म्हणाली, "पुड्या बंद केल्या तर हप्ता कशातून भरू?" आम्ही गप्प झालो. तो हप्ता आम्हीच तर घेत होतो!

शेवटी ठरलं: पुड्या काढायच्या, हप्ता ३ महिने निम्मा घ्यायचा. पुड्यांच्या जागी वह्या, पेन, फुटाणे आले. गल्ला कमी झाला, अन् गिऱ्हाईक पलीकडच्या पानठेल्यावर गेलं. म्हणून आम्ही शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडला. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बाया असतात. समितीनं टेप लावून अंतर मोजलं. ठेला आतच निघाला. रस्त्यावर पिवळी रेघ ओढली आणि ग्रामपंचायतीला पत्र दिलं.

ठेला अजून हललेला नाही. पुढच्या ग्रामसभेत आम्ही पुन्हा विचारणार आहोत. तुमच्या शाळेच्या समितीत कोणत्या बाया आहेत, ते या बैठकीत विचारा. अन् जाताना टेप घेऊन जा.