गचका कोणी सोसायचा?

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. चाकांचा इतिहास सांगू लागणारे लोकही बहुधा वेगाचाच इतिहास सांगतात. बैलगाडी किती चालत होती, मोटार किती चालते, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. आम्हांला त्या इतिहासाची दुसरी बाजू मांडावयाची आहे. चाक दगडावर चढते किंवा खड्ड्यात पडते तेव्हा बसणारा गचका कोणी सोसायचा, हा आमचा प्रश्न आहे. बीड जिल्ह्यात तो रोजचाच आहे. बालाघाटाच्या रांगांनी हा मुलूख चढउताराचा केला आहे. काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता तिच्याबरोबर हालतो. परळीला आगगाडी पूर्वीपासून होती. बीड शहराला ती मिळाली २०२५ च्या सप्टेंबरात. तोवर शहराचा बाजार, कचेरी आणि दवाखाना, सारे काही रस्त्याच्याच भरवशावर होते.

प्रथम आपली बैलगाडी पाहू. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मधे कणा, वर साटा. या सगळ्यांत गचका जिरवणारी वस्तू एकही नाही. दगडाचा धक्का धावेवरून आऱ्यात, आऱ्यातून कण्यात आणि कण्यातून थेट माणसाच्या पाठीत जातो. उरलेला जुवावाटे बैलाच्या मानेवर बसतो. साट्यात कडबा अंथरणे आणि त्यावर वाकळ टाकणे, एवढाच आपल्या पूर्वजांचा उपाय होता. त्यात बुद्धीची उणीव नव्हती. तेव्हाचा वेगच असा होता, की मान आणि पाठ यांना तो सोसवत असे. वेग वाढू लागला तशी पाठ अपुरी पडू लागली.

इंग्लंडात ओबडाया इलियट याने १८०४ मध्ये पोलादी पट्ट्यांच्या लंबगोल कमानींचे पेटंट घेतले आणि घोडागाडीची बैठक कण्यापासून सुटी झाली. आपल्याकडे कमानीचा टांगा आला तो याच वाटेने. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेला रबरी टायर केला. त्याचीच पुढे टायरगाडी झाली. निजामाच्या राज्यात १९३२ मध्ये रेल्वे खात्याच्या आश्रयाने सरकारी मोटारवाहतूक सुरू झाली, तेव्हा तिच्याजवळ २७ गाड्या होत्या. बीड जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. त्या गाड्यांखाली कमानीच असत. कमानीने धक्का थोपवला खरा, पण नाहीसा केला नाही. मागच्या बाकावर बसून घाट उतरलेल्या कोणालाही हे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. स्प्रिंग ही उधार ठेवणारी आहे. धक्क्याची शक्ती ती घेते, क्षणभर साठवते आणि परत करते. म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची गाडी खड्डा ओलांडल्यावरही डोलत राहते. ती उधारी फेडून टाकणारा दुसरा भाग लागतो. एका नळीत तेल, त्यात बारीक भोके पाडलेला दट्ट्या; दट्ट्या हलला की तेल त्या भोकांतून कष्टाने जाते, घर्षण होते आणि धक्क्याची शक्ती उष्णतेत संपते. यालाच आपले मिस्त्री 'शॉकअप' म्हणतात. उबडखाबड रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा; जो गचका तुमच्या कमरेत जावयाचा, तो तेथे ऊब होऊन बसलेला असतो.

मोटारसायकलीने हे शिकावयास बराच काळ घेतला. पहिल्या मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्यालाच पक्के जखडलेले असे. स्वाराच्या नशिबी फक्त खोगिराखालच्या दोन स्प्रिंगा. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, तेलाने आवरलेला पुढचा फोर्क आणला. १९४९ च्या बुलेटने मागच्या चाकाला झुलता हात आणि शॉकअप दिला. हीच बुलेट १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागली. १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल कंपनी शॉकअपच्या धंद्यात उतरली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. त्यांपैकी एंड्युरन्सचे फोर्क आणि शॉकअप आज देशभरच्या दुचाकींना लागतात. ज्या मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या गचके खाल्ले, तोच मराठवाडा आता ते जिरवणारे यंत्र देशाला पुरवतो, ही गोष्ट आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते.

पण शॉकअपलाही एक जन्मजात अडचण आहे. आमच्या दूधवाल्याचेच पाहा. पहाटे दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकवून तो शहराकडे निघतो आणि रिकामे घेऊन परततो. भरल्या कॅनांना पुरेल अशी कडक स्प्रिंग येताना त्याला खोगिरावरून उडवते. परतीला सुखाची अशी मऊ स्प्रिंग जाताना दबून टेकते. यासाठी शॉकअपच्या बुडाशी खाचांची एक कडी असते. पान्याने ती फिरवली की स्प्रिंग अधिक दाबली जाते. पण रोज दोन वेळा पाना हाती घेणारा दूधवाला आम्ही तरी पाहिला नाही. तो कडी एकदाच कडक करून ठेवतो, आणि परतीचा गचका मुकाट्याने सोसतो.

विजेवर चालणारा शॉकअप नेमका या अडचणीवरचा उपाय आहे. २००४ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या एका मोटारसायकलीवर अशी सोय केली, की एकटा स्वार, सामानासह स्वार किंवा दोघे, यांपैकी काय ते बटणाने सांगावे. कडी फिरविण्याचे काम लहानशी मोटर करील. पुढची पायरी अधिक नवलाची होती. अमेरिकेतील डीन कार्नॉप आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये एक कल्पना मांडली होती. शॉकअपचे एक टोक चाकाला न बांधता आकाशाला बांधता आले, तर बैठक जागची हालणारच नाही. आकाशाला खुंटी ठोकता येत नाही. पण तेलाच्या वाटेवरची झडप क्षणोक्षणी उघडमीट करून तसा आभास करता येतो. चाक किती वर गेले, गाडी किती हिंदकळली हे संवेदक मोजतात. छोटा संगणक हिशेब करतो आणि सेकंदाच्या काही हजारांश भागात झडप कमीजास्त उघडते. २०१२ च्या सुमारास बीएमडब्ल्यू आणि डुकाटी यांच्या मोटारसायकलींवर हे प्रत्यक्षात आले. मात्र हे यंत्रही गचका नाहीसा करीत नाही, त्याची उष्णताच करते. पूर्वीचे करीत होते तेच ते करते, फक्त अक्कल वापरून.

आता हातघडणीच्या मोटारसायकलीकडे वळू. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची'ने बुलेटच्या इंजिनाभोवती नवे सांगाडे घडवून या कलेला महाराष्ट्रात नाव मिळवून दिले. अशा गाडीला हा विजेचा शॉकअप बसवावा असे कोणालाही वाटेल. पण बोल्टांची भोके जुळली म्हणजे काम झाले असे नाही. त्या संगणकाची गणिते एका विशिष्ट गाडीच्या वजनावर आणि तिच्या झुलत्या हाताच्या लांबीवर बेतलेली असतात. हात लांबवला, की चाक एक बोट वर गेले तर शॉकअप किती दबतो, हे प्रमाणच बदलते. मग संवेदक खरे बोलतो आणि संगणक खोटा अर्थ लावतो. कारागिराला लोखंडाबरोबर ही गणितेही नव्याने घडवावी लागतात. त्यात कायद्याचीही मर्यादा आहे. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती मनाई ठामपणे उचलून धरली. रस्त्यावरच्या इतरांच्या जिवासाठी ती आवश्यक आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण तिच्यामुळे गावच्या मिस्त्रीची कल्पकता गॅरेजच्या उंबऱ्याआतच राहते, हेही खरे.

आमच्या दृष्टीने खरा प्रश्न याहून मोठा आहे. दिवाळी झाली की याच जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. उचल घेतलेली, कोयता बरोबर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी आणि त्यांवर लेकरे. कोणाची बैलगाडीही बरोबर असते. ट्रॉलीत बसलेल्या गरोदर बाईला आणि गाडीच्या जुवाखालच्या बैलाला १८०४ ची कमानही धड लाभलेली नाही. महाराष्ट्रातील काही मुलांना ते खुपले. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या राजारामबापू तंत्रशास्त्र संस्थेच्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीच्या पुढच्या भागाखाली तिसरे चाक बसविले. उसाचा भार त्या चाकावर जातो, बैलाची मान हलकी होते. त्यात संगणक नाही, संवेदक नाही. तरी गचका आणि भार दुबळ्याच्या अंगावरून काढून यंत्राच्या अंगावर टाकावयाचा, हा या सर्व इतिहासाचा हेतू त्या एका चाकात पुरता उतरला आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, समाजाची प्रगती वेगाच्या काट्यावर मोजू नये. गचका कोणाकडून उचलला गेला आणि कोणाच्या अंगावर राहिला, हे मोजावे. कडब्यापासून कमानीपर्यंत, कमानीपासून तेलाच्या नळीपर्यंत आणि तेथून विजेच्या झडपेपर्यंत माणसाने मोठी मजल मारली. पण ती मजल लक्षावधी रुपयांच्या गाडीच्या खोगिरापाशीच संपली, तर तो इतिहास अर्धाच राहील. उरलेला अर्धा लिहिण्याचे काम शॉकअप घडविणाऱ्या कारखान्यांचे आहे, रस्ते बांधणाऱ्यांचे आहे, आणि ट्रॉली शेजारून जाताना क्षणभर तिच्याकडे पाहणाऱ्या तुम्हाआम्हा सर्वांचेही आहे.