जुन्या मोटारीचा मूळ रेडिओ

जुन्या मोटारींचे पुनरुज्जीवन हा छंद आता आपल्याकडेही परिचयाचा झाला आहे. पत्रा ठोकून सरळ करता येतो, रंग जुन्या छटेचा मिळविता येतो, गाद्यांना पूर्वीसारखे कापड घालता येते. पण डॅशबोर्डाच्या मधोमध बसलेला मूळ रेडिओ समोर आला, म्हणजे भल्याभल्यांचा निर्धार डळमळतो. मग बाहेरची तबकडी आणि बटणे तेवढी ठेवायची, पोटातले सगळे उपटून टाकायचे आणि तिथे आजकालचे एक इवलेसे यंत्र बसवायचे, अशी तोड निघते. दिसायला सगळे जुने, गाणे मात्र मोबाईलमधले! या तोडीला आमचा विरोध आहे, आणि तो केवळ जुन्याच्या हौसेपोटी नाही. त्या पेटीच्या पोटात मोटारीतल्या विजेचा इतिहास साठलेला आहे. तो फेकून दिला की पुन्हा कुठे वाचायला मिळत नाही.

मोटार हे रेडिओच्या दृष्टीने मुळात वैऱ्याचे घर. बिनतारी संदेशाचे पहिले प्रयोग झाले ते विजेच्या ठिणगीवर, आणि मोटारीचे इंजिन चालते तेही ठिणगीवरच. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. म्हणजे श्रोत्याच्या पायापाशी एक नको असलेले प्रक्षेपण केंद्र अखंड चालू! दुसरी अडचण विजेच्या दाबाची. व्हॉल्व्हला दोनशे व्होल्टच्या आसपास दाब हवा आणि त्या काळच्या मोटारीची बॅटरी सहा व्होल्टची. घरच्या रेडिओसारखा भिंतीचा प्लग मोटारीत कुठून आणणार?

१९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी हे दोन्ही प्रश्न अंगावर घेतले. मंदीचे दिवस होते आणि त्यांच्या लहानशा कारखान्याला नवा माल हवा होता. आपल्याच स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवून ते अटलांटिक सिटीला रेडिओ कारखानदारांच्या संमेलनाला गेले. आत दुकान मांडण्याची ऐपत नव्हती, म्हणून गाडी बाहेर उभी करून येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांनी गाणे ऐकविले. त्या संचाचे नाव मोटोरोला. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतले. दाबाचा प्रश्न मात्र त्या पहिल्या संचात खरा सुटला नव्हता. कोरड्या बॅटऱ्यांची पेटी गाडीच्या तळाशी बसवावी लागे, त्यासाठी जमीन कापावी लागे, आणि बॅटऱ्या संपल्या की नव्या आणाव्या लागत.

पुढच्या दोनतीन वर्षांत व्हायब्रेटर आला आणि ही कटकट संपली. बोटाएवढ्या डबीत एक पोलादी पट्टी सेकंदाला सुमारे ११५ वेळा थरथरते आणि बॅटरीचा एकमार्गी प्रवाह तोडून तोडून आलटून पालटून सोडते. असा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून चढवता येतो. सहा व्होल्टचे अडीचशे व्होल्ट होतात! मूळ रेडिओ लावला की गाण्याआधी एक बारीक गुणगुण ऐकू येते, ती या पट्टीची. काही जण तिला बिघाड समजतात. आमच्या मते ती त्या संचाची नाडी आहे.

याच डबीपाशी आजच्या पुनरुज्जीवनाचे घोडे अडते. काही व्हायब्रेटर चढविलेला प्रवाह पुन्हा एकमार्गी करण्याचे कामही स्वतःच करतात. अशा संचाला बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या सांगाड्याला जोडले आहे, याने फार फरक पडतो. फोर्डच्या गाड्या १९५५ पर्यंत सहा व्होल्टच्या आणि धन टोक सांगाड्याला जोडलेल्या होत्या. १९५६ ला त्या बारा व्होल्टच्या झाल्या आणि ऋण टोक सांगाड्याला गेले. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ऋण टोक पूर्वीपासूनच सांगाड्याला होते. आता कोणी हौशी मनुष्य, गाडी लवकर चालू होत नाही म्हणून तिला बारा व्होल्टची बॅटरी घालतो, टोकेही उलटी करतो, आणि जुना रेडिओ तसाच जोडतो. क्षणभर प्रकाश दिसतो, मग वास येतो. व्हॉल्व्हचे तंतू जळालेले असतात आणि दोष रेडिओच्या म्हातारपणावर ढकलला जातो. पुष्कळदा सुरुवातीचे दुखणे बॅटरीत नसतेच. नंतर कुणी तरी घातलेल्या बारीक केबली सहा व्होल्टला पुरत नाहीत. त्या मूळ जाडीच्या घातल्या की गाडीही चालू होते आणि रेडिओही वाचतो.

रेडिओ जागेवर बसविण्यापूर्वी ट्रान्सफॉर्मरवरचा सोळाशे व्होल्टचा कंडेन्सर न चुकता बदलावा. तो फुटला तर व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोघांनाही घेऊन जातो. तारेत फ्यूज हवाच. मग ठिणग्यांचा बंदोबस्त करावा: डिस्ट्रिब्यूटरच्या मधल्या तारेत सुमारे दहा हजार ओहमचा रेझिस्टन्स, डायनॅमोवर कंडेन्सर, बॉनेटपासून सांगाड्यापर्यंत तांब्याची विणलेली पट्टी. पुढच्या चाकांच्या टोपीत एक लहान स्प्रिंग असे. टायर रस्त्यावर घासून जमलेली वीज ती उतरवून टाकी. बिचारी निरुपयोगी वाटून किती कारागिरांनी ती भंगारात टाकली असेल! एरियलचीही अशीच हकीकत आहे. आरंभी ती छताच्या कापडात लपविलेली जाळी असे. १९३५ साली जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणले आणि जाळी निकामी झाली. मग एरियल पायफळीखाली गेली, आणि शेवटी उभ्या काठीच्या रूपाने बाहेर आली. तेव्हा १९३६ च्या गाडीला चकाकती काठी लावणारा कारागीर इतिहासाचे एक पान उलटे चिकटवतो. एरियल लागल्यावर तबकडीच्या १४०० किलोसायकलजवळ एखादे क्षीण केंद्र धरून ट्रिमरचा स्क्रू फिरवावा. हे एक मिनिटाचे काम राहिल्याने चांगला संच बहिरा ठरतो.

नुसत्या तबकडीलाही बोलता येते. ६४० आणि १२४० या आकड्यांवर लहान त्रिकोण दिसले, तर तो अमेरिकन संच १९५३ ते १९६३ या काळातला समजावा. अणुहल्ल्याची सूचना त्या दोन जागी मिळायची होती. गाडीत बसून सहलीला निघालेल्या कुटुंबासमोर ती खूण रोज असे.

मुंबईचाही या कथेत थोडा वाटा आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळविल्या. मालकाला रेडिओसाठी वेगळा परवाना काढावा लागे. १९५२ नंतर आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली आणि लोक लघुलहरींवरच्या रेडिओ सिलोनकडे वळले, तेव्हा फक्त मध्यम लहरी पकडणाऱ्या संचाचा मालक मोटार असूनही गरीबच राहिला म्हणायचा!

व्हायब्रेटरचे राज्य फार टिकले नाही. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को यांनी व्हॉल्व्हविना केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. किंमत दीडशे डॉलर. दहाएक वर्षांत गुणगुण थांबली.

मूळ पोट राखण्याविरुद्ध एक आक्षेप मात्र गंभीर आहे. मध्यम लहरींवर आता ऐकायचे तरी काय? जर्मनीतील डॉइचलान्डफुंकने २०१५ अखेर त्या लहरी सोडल्या. २०२३ मध्ये फोर्डने नव्या गाड्यांतून त्या काढण्याचे ठरविले होते, पण विरोध होताच त्याच वर्षी निर्णय फिरविला. विजेवर चालणाऱ्या मोटारींचे गोंगाट करणारे परिपथ हे त्या वादातले एक मोठे कारण. १९३० चे भांडण पुन्हा दारात आले आहे! जुन्या गाडीपुरता उपाय निघतो. मध्यम लहरीचा लहान मॉड्युलेटर एरियलच्या खाचेत तारेनेच जोडला, की मोबाईलमधले गाणे त्याच व्हॉल्व्हांतून वाजते. पेटीचा एक टाकाही तोडावा लागत नाही, आणि मॉड्युलेटर काढला की संच पूर्वीसारखा होतो.