कर्णा आणि कोपरा

परवा अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. "मामा, जुन्या क्लिप्शहॉर्नची जोडी मिळतेय. घेऊ का?" मी विचारले, "तुझ्या खोलीचे किती कोपरे मोकळे आहेत?" तो हसला. पण मी थट्टा करत नव्हतो.

१९४० च्या दशकात घरगुती ॲम्प्लिफायर थोड्याच वॉटचे असत. कमी शक्तीत मोठा आवाज हवा, तर कर्णा लावायचा. आपण तोंडाशी दोन्ही हात धरून हाक मारतो, तसेच. अडचण खर्जाची. ४० हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे २८ फूट लांब. तिला पुरेल एवढा कर्णा घरात मावणार कसा? अर्कान्सामधल्या होप गावी पॉल क्लिप्श यांनी तो लाकडी पेटीत घडी घालून बसवला आणि पेटी कोपऱ्यात ठेवली. पुढचा कर्णा खोलीच्या भिंतींनीच पुरा केला! १९४६ मध्ये त्यांनी कंपनी काढली.

तेव्हा एक स्पीकर पुरे होई. १९५० च्या दशकात स्टिरिओ घरांत आला आणि दोन कोपरे लागू लागले. ते फार लांब असले तर मधे पोकळी वाटे, म्हणून १९५७ मध्ये क्लिप्श यांनी मधोमध ठेवायला छोटा 'हेरसी' आणला. त्यात वरच्या स्वरांना कर्णा, खर्जाला साधा स्पीकर.

भाच्याच्या खोलीत एका कोपऱ्यात दार आहे. त्याला खरे तर भाऊजींच्या ग्रामोफोनचा कर्णा आठवतो, हे मला कळत होते. तरी सांगितले, "हेरसीची जोडी घे. त्याला कोपरा लागत नाही."

"मामा, तुम्ही अजून मास्तरच," तो म्हणाला. असो. पण दार मोजायला गेला खरा.