बिघडलेल्या पिंपाचे काय करायचे?

दही फार आंबट झाले तर कढी करायची, दूध फाटले तर त्याचा चोथा साखर घालून आटवायचा, भात उरला तर फोडणीला टाकायचा. मराठी घरात या गोष्टी कुणी कुणाला मुद्दाम शिकवत नाही. आपल्या भाषेने तर याबाबतीत एक बारकावाही जपला आहे. ‘आंबणे’ वेगळे आणि ‘नासणे’ वेगळे. इडलीचे पीठ आंबते, दूध नासते. आंबण्याची आपण वाट पाहतो, नासण्यावर हळहळतो. या दोहोंमधली रेषा नेमकी कुठे आहे, हे कळायला मात्र माणसाला हजारो वर्षे लागली. ती रेषा सापडली बिअरच्या बिघडलेल्या पिंपात.

बिअरचे नाव काढताच काहींच्या भुवया उंचावल्या असतील. काळजी नको, मी कृती सांगणार नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय मद्य तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. पण इंग्लंडमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत १९७९ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवान्याची गरज उरली नाही. तिथे हौशी मंडळी गॅरेजमध्ये, स्वयंपाकघरात हा उद्योग करतात. कित्येक आठवडे वाट पाहून बाटली उघडावी आणि आतली बिअर बेचव निघावी, हा अनुभव त्यांना नवा नाही. मग प्रश्न पडतो, हिचे करायचे काय? मोरीत ओतायची? आणखी थोडे थांबायचे? चांगल्या बिअरमध्ये मिसळून खपवायची? की सिरका करायचा? मला गंमत वाटते ती ही, की माणसांनी हा प्रश्न वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आणि त्या उत्तरांतून बराच इतिहास घडला.

आधी थोडे बिअर होते कशी, ते पाहू. जवाला मोड आणून तो वाळवतात, भरडतात आणि गरम पाण्यात भिजवतात. धान्यातली साखर पाण्यात उतरते. ते गोड पाणी हॉप्स नावाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट घालतात. यीस्ट म्हणजे बिअरचे विरजणच. आपण कालच्या दह्यातले चमचाभर आजच्या दुधाला लावतो, तसे बिअरवाले आधीच्या पिंपातले यीस्ट पुढच्या पिंपात घालत. विरजण चांगले तर दही चांगले. पण विरजणच बिघडले तर? एका पिंपाचा दोष दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. कारण मात्र कुणालाच ठाऊक नसे.

कारण ठाऊक नसले की माणूस शिक्षेकडे वळतो. इंग्लंडच्या १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या सरकारी नोंदवहीत चेस्टर शहराचा रिवाज नोंदवला आहे. वाईट बिअर करणाऱ्याने चार शिलिंग दंड भरायचा, नाहीतर घाणीच्या खुर्चीत बसायचे! त्या काळी इंग्लंडमध्ये बिअर करणे हे बहुतांशी घरचे आणि बायकांचे काम होते. घरापुरती करून उरलेली त्या विकत. तेव्हा चारचौघांत खुर्चीत बसण्याची वेळ अनेकदा एखाद्या गरीब बाईवरच येत असणार. तिने धान्य निवडले, पाणी उकळले, सगळे नेहमीसारखेच केले आणि तरी पिंप बिघडले, तर तिचा अपराध कोणता? तो सांगू शकेल असा माणूस तेव्हा जगात नव्हता.

शहाण्या गृहिणींनी आपल्यापुरता मार्ग काढला होता. आंबट झालेल्या ‘एल’चा, म्हणजे तिथल्या जुन्या पद्धतीच्या बिअरचा, सिरका करायचा. इंग्रजीत त्याला ‘अ‍ॅलेगर’ असा स्वतंत्र शब्दच आहे. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपासच्या लोकांनी तर आंबटपणालाच आपलेसे केले. तिथली ‘लाम्बिक’ बिअर हवेतल्या आणि लाकडी पिंपातल्या जंतूंवर सोडून देतात. वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची अशी पिंपे चाखून त्यांचे मिश्रण करतात. दुसरा जिला नासलेली म्हणेल, तिला ते मुरलेली म्हणतात.

आता चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेन या गावी जाऊ. तेव्हा तो बोहेमियाचा भाग होता. या गावात बिअर करण्याचा हक्क घरांशी बांधलेला होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस गाव वसले, तेव्हापासून ठरावीक नागरिकांच्या घरांकडे हा हक्क वंशपरंपरेने चालत आलेला. बिअर हा तिथल्या अनेक कुटुंबांचा पोटाचा आधार होता. पण दर्जा घसरत गेला आणि १८३८ साली हद्द झाली. पिण्यालायक नाही म्हणून ३६ पिंपे बिअर नगरभवनासमोर ओतून देण्यात आली.

मला या प्रसंगात मोठे धैर्य दिसते. ती पिंपे गुपचूप विकता आली असती, स्वस्तात खपवता आली असती. पण गावाने ती भर चौकात ओतली. चव्हाट्यावर कबूल केलेली गोष्ट पुन्हा झाकता येत नाही. हक्कदार नागरिकांनी मिळून एक नवी सामाईक ब्रुअरी उभारली आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल या तरुण कारागिराला बोलावले. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा काढला. फिक्या रंगाचे माल्ट, जवळच्या झाटेत्स भागातले हॉप्स, पिल्सेनचे मऊ पाणी आणि थंड तळघरात सावकाश काम करणारे यीस्ट यांतून सोनेरी, नितळ बिअर तयार झाली. आज जगभर खपणाऱ्या बहुतेक फिक्या बिअर या पिल्सेनच्या वंशातल्या आहेत.

पण पिल्सेनने पद्धत बदलली, बिघाडाचे कारण अजून अंधारातच होते. ते शोधायला लुई पाश्चर पुढे आला. १८५६ साली तो फ्रान्समधल्या लील शहरात प्राध्यापक होता. बिटापासून अल्कोहोल काढणारा तिथला एक कारखानदार, आपली पिंपे आंबट होतात अशी तक्रार घेऊन त्याच्याकडे आला. पाश्चरने चांगल्या आणि बिघडलेल्या अशा दोन्ही पिंपांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरले. चांगल्यात यीस्टचे गोल कण होते. बिघडलेल्यात त्यांच्याखेरीज बारीक काड्यांसारखे दुसरेच जीव वळवळत होते. आंबणे ही सजीवांची करणी आहे आणि बिघडणे हीसुद्धा, फक्त जीव वेगळे. १८७१ मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत त्याने यीस्टचा नमुना पाहिला आणि त्यात दोष असल्याचे सांगितले. आठवड्याभराने तो पुन्हा गेला, तेव्हा त्या मंडळींनी सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता! १८७६ मध्ये त्याने बिअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

तरीही एक गाठ सुटायची होती. कोपनहेगनमध्ये जे. सी. याकोब्सेन यांनी १८४७ साली कार्ल्सबर्ग ब्रुअरी काढली आणि १८७५ मध्ये तिच्या जोडीला एक प्रयोगशाळा उभारली. पाश्चरच्या शिकवणीनुसार स्वच्छता कडक होती. असे असून १८८३ मध्ये त्यांच्याच बिअरला वाईट कडवट चव येऊ लागली. प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिस्तियान हान्सेन यांनी निदान केले की दोष बाहेरच्या जंतूंचा नाही, विरजणाचाच आहे. यीस्टमध्ये रानटी जातींचे यीस्ट मिसळले आहे. सगळे यीस्ट दिसायला सारखे, पण गुणाने वेगळे. मग हान्सेन यांनी यीस्ट इतके पातळ केले की एका थेंबात एकच पेशी यावी, आणि त्या एका पेशीपासून शुद्ध वाण वाढवला. मालकाला हे लगेच पटले नाही. सगळा धंदा एका पेशीच्या लेकरांवर सोपवायचा, हा जुगारच होता. अखेर १२ नोव्हेंबर १८८३ रोजी ते यीस्ट प्रत्यक्ष उत्पादनात वापरले गेले. बिअर सुधारली.

इथून पुढे याकोब्सेन यांनी जे केले, ते मला शोधाइतकेच मोलाचे वाटते. हे गुपित कुलुपात ठेवले असते, तर प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षे बिघडलेल्या पिंपांशी झुंजत बसले असते. पण प्रयोगशाळेच्या नियमांतच लिहिलेले होते की इथले कुठलेही महत्त्वाचे निष्कर्ष लपवून ठेवायचे नाहीत. पद्धत प्रसिद्ध झाली आणि मागेल त्या ब्रुअरीला यीस्टही दिले गेले.

याची किंमतही जगाने मोजली. शुद्ध विरजण आले तशी चव सगळीकडे सारखी होत गेली आणि गावोगावच्या जुन्या चवी मागे पडल्या. बेल्जियमच्या लाम्बिकवाल्यांनी आपला आंबटपणा सोडला नाही, म्हणून ती एक चव तरी वाचली.

कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेने मात्र बिअरपलीकडचे बरेच काही दिले. धान्यातली प्रथिने मोजण्याची केल्डाल पद्धत १८८३ मध्ये तिथेच जन्मली. आम्लता मोजण्याची पीएच मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेन्सन यांनी तिथेच मांडली. आपल्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर जो पीएचचा आकडा असतो, त्याचे मूळ असे डेन्मार्कमधल्या बिअरच्या पिंपापाशी पोचते. ज्याने आयुष्यात बिअरला हात लावला नाही, तोही त्या आकड्यावरून आपल्या जमिनीत चुना घालायचा की नाही, हे ठरवत असतो.