नवी टेलिफोटो लेन्स येणार म्हणतात, थांबायचं का?

पक्ष्यांचे फोटो काढणारे मला एक प्रश्न सारखा विचारतात. मिररलेस कॅमेरा घेतलाय, कंपनीच्या रोडमॅपवर मोठी टेलिफोटो दिसतेय, मग थांबू की आत्ता मिळतेय ती घेऊ?

रोडमॅप म्हणजे पुढे कोणत्या लेन्स आणणार याची कंपनीने स्वतः जाहीर केलेली यादी. अफवांपेक्षा ती कधीही बरी. पण तिच्यात बहुतेक वेळा फक्त फोकल लेंग्थ असते, वजन आणि किंमत नसते. निकॉनचंच बघा. झेड माउंटचे कॅमेरे २०१८ मध्ये आले. ऑक्टोबर २०१९ च्या रोडमॅपवर २००-६०० मिमी झूम दिसली. लेन्स जाहीर झाली जून २०२३ मध्ये, आणि तीही १८०-६०० मिमी एफ/५.६-६.३ म्हणून. सोनीने आपली २००-६०० मिमी जून २०१९ मध्येच आणली होती. मधे चार हिवाळे गेले. भिगवणला फ्लेमिंगो टिपायला जाणाऱ्याला एवढं थांबणं परवडत नाही.

दुसरी अपेक्षा आकाराची. आरसा गेला, मग लेन्स लहान व्हायला हवी ना? वाइड लेन्समध्ये हा फायदा खरंच मिळतो, कारण माउंट सेन्सरच्या जवळ येतो: निकॉन एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी होतं, झेडमध्ये १६ मिमी आहे. टेलिफोटोचं गणित वेगळं. तिची पुढची काच साधारण फोकल लेंग्थ भागिले एफ-नंबर एवढी तरी रुंद लागतेच. ६०० ला ६.३ ने भागा, ९५ मिमी येतात. सोनी आणि निकॉन, दोघांच्याही या झूमला फिल्टर ९५ मिमीचाच लागतो! ६०० मिमी एफ/४ हवी असेल तर काच १५० मिमीची. आरशाचा इथे काही संबंध नाही.

मग वजन कमी कसं करतात? एक वाट म्हणजे निकॉनची फेज फ्रेनेल काच. झेड ६०० मिमी एफ/६.३ पीएफ ट्रायपॉड कॉलरशिवाय १३९० ग्रॅम भरते, तर १८०-६०० मिमी १९५५ ग्रॅम. पण ही झूम नाही, आणि किंमत झूमच्या दुपटीहून जास्त.

दुसरी वाट मला जास्त रंजक वाटते. डीएसएलआरमध्ये फोकससाठी आरशाखाली वेगळा सेन्सर असायचा आणि तो एफ/५.६ किंवा फार तर एफ/८ पर्यंतच चालायचा. मिररलेस मुख्य सेन्सरवरच फोकस करतो. म्हणून कॅनन २०२० मध्ये ६०० आणि ८०० मिमी एफ/११ लेन्स आणू शकली, आणि २०२३ मध्ये आरएफ २००-८०० मिमी एफ/६.३-९. फुकट काही नाही बरं का. एफ/९ ला एफ/६.३ च्या निम्माच प्रकाश मिळतो. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास शटर लागतो, त्यामुळे पहाटे आयएसओ दुप्पट करावा लागतो. दुपारच्या उन्हात फरक जाणवणार नाही, झाडीत जाणवेल.

माझं मत सरळ आहे. लेन्स जाहीर झालीय, किंमत आणि विक्रीची तारीख कळलीय, तर थांबा. रोडमॅपवर नुसता आकडा असेल तर थांबू नका. अडॅप्टर आहेच. निकॉनचा एफटीझेड आणि कॅननचा ईएफ-ईओएस आर, दोन्हींत काच नसते. ते फक्त माउंटमधलं अंतर भरून काढतात, म्हणून चित्राचा दर्जा घसरत नाही. निकॉनची २०१५ ची २००-५०० मिमी एफ/५.६ एफटीझेडवर ऑटोफोकससह चालते आणि सेकंडहँड बाजारात शोधण्यासारखी आहे.

फक्त जुनी लेन्स घेताना नाव नीट वाचा. एफटीझेडमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे एएफ-एस लिहिलेली लेन्स चालेल, पण जुनी ८०-४०० मिमी एएफ-डी घेतलीत तर फोकस हाताने फिरवावा लागेल.